पार्श्वभूमी : माहितीच्या अधिकाराआधीची झेरॉक्सची लढाई

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून सरकारी फाइलची प्रत मागता येते, ही सोय २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दिली. हक्क मात्र त्याच्या तीस वर्षे आधीच मान्य झाला होता. राजनारायण खटल्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्या. के. के. मॅथ्यू यांनी स्पष्ट म्हटले होते की, सरकारी यंत्रणा जनतेच्या नावे जे करते ते जाणून घेण्याचा जनतेला हक्क आहे. पण निकाल दिल्लीत आणि बाबू तालुक्याला! तिथे १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम आणि ‘वरून आदेश नाही’ हे उत्तर, एवढ्यावर काम भागत होते.

हे दार हलवले ते राजस्थानातल्या मजुरांनी. दुष्काळी कामांवर त्यांना किमान मजुरीही पुरती मिळत नसे; विचारले तर ‘मोजमापात तुमचे काम कमी भरले’. मग मस्टर (मजुरांचा हजेरीपट) दाखवा, म्हटले की ते गोपनीय. (रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या आपल्याकडच्या माणसाला मस्टरची महती सांगायला नको.) अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह यांनी १९९० मध्ये उभ्या केलेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनवाई (गावासमोरची जाहीर सुनावणी) घेतली. हाती लागलेले सरकारी कागद गावासमोर मोठ्याने वाचले गेले. कामावर कधी न आलेल्यांच्या नावे मजुरी निघाली होती. पटवारघर (तलाठ्याचे कार्यालय) कागदावर पूर्ण होते, आणि प्रत्यक्षात त्याला छप्परही नव्हते.

एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विकासकामांच्या कागदांच्या प्रती देऊ, असे विधानसभेत सांगितले. वर्ष उलटले, तरी आदेश नाही. म्हणून एप्रिल १९९६ मध्ये ब्यावरच्या चांग गेटवर धरणे सुरू झाले. तेव्हा निघालेला आदेश मासलेवाईक होता : कागद बघा, हाताने उतरवून घ्या, झेरॉक्स मात्र मिळणार नाही. हाताने उतरवलेल्या कागदावर पोलिसांत तक्रार टिकणार कशी, हे आदेश काढणाऱ्यालाही ठाऊक असणारच. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ म्हणत धरणे चाळीस दिवस चालले.

त्याच वर्षी न्या. पी. बी. सावंत अध्यक्ष असलेल्या प्रेस कौन्सिलने कायद्याचा मसुदा तयार केला. तामिळनाडू आणि गोव्याने १९९७ मध्ये आपापले कायदे केले. महाराष्ट्राचा २००० चा कायदा अगदीच लेचापेचा होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ मध्ये नवा अध्यादेश आला आणि ऑगस्ट २००३ मध्ये अण्णा आझाद मैदानावर उपोषणाला बसले तेव्हा कुठे त्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून दंड, ही त्याची खरी धार. केंद्राच्या २००२ च्या कायद्यात ती नव्हती. तो तर लागूच झाला नाही.

१२ ऑक्टोबर २००५ पासून (जम्मू-काश्मीर वगळता) देशभर लागू झालेल्या कायद्यात ही धार आली : तीस दिवसांची मुदत, पुढे दिवसाला अडीचशे, कमाल पंचवीस हजार रुपये दंड. वापरणाऱ्यांनी याची किंमतही मोजली. जमीन गैरव्यवहार उघड करणाऱ्या सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे इथे खून झाला.

२०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवणे केंद्राच्या हाती गेले. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यात केलेली दुरुस्ती मला त्याहून गंभीर वाटते. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना, तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला येतो, असे दाखवावे लागे. कलम ८(१)(ञ) मधल्या या अटी दुरुस्तीने काढल्या. माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढेच म्हणणे पुरे. कलम ८(२) मधली, लोकहितासाठी माहिती देण्याची वाट उरते, पण ते हित जोखणार तेच कार्यालय. आणि मस्टरवर नावांखेरीज असते तरी काय?