चित्रकलेचा तास आणि कॉलेजची एकांकिका : मुंबईतली पार्श्वभूमी

शाळा-कॉलेजात क्रिएटिव्हिटी कशी वाढवायची यावर 2020 च्या शैक्षणिक धोरणापासून बरंच बोललं जातंय, पण मुंबईत हा विषय दीडशे वर्षांहून जुना आहे आणि आजची गाडी कुठे अडलीय ते मागचं बघितल्याशिवाय कळत नाही.

1857 मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून जे.जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. सरकारला तेव्हा मुख्यतः कुशल कारागीर हवे होते. 1865 ला जॉन लॉकवुड किपलिंग हे ब्रिटिश कलाशिक्षक शिकवायला आले, मग नक्षीची चित्रकला, मूर्तिकाम, लोखंडकाम असे वर्कशॉप उभे राहिले. सीएसएमटीला लोकल पकडायच्या घाईत आपण वर बघतच नाही, पण तिथले दगडातले प्राणी, पक्षी, पानंफुलं यात जेजेच्या पोरांचा हात आहे. शिकता शिकताच खऱ्या इमारतीवर काम, चुकलं तर सगळ्या शहराला दिसणार, ही फार मोठी गोष्ट होती असं मला मनापासून वाटतं.

शाळांपर्यंत मात्र हे पोचलंच नाही, पोचल्या त्या चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा. स्मरणचित्र, संकल्पचित्र (म्हणजे नक्षी), भूमिती-अक्षरलेखन, असे वेगळे पेपर. या परीक्षांनी चाळीतल्या, गावातल्या कितीतरी मुलांच्या हातात पहिल्यांदा ब्रश दिला हे विसरून चालणार नाही, पण स्मरणचित्रात बाजार काढायचा म्हणजे पुढे भाजीवाली, मागे छत्री, बाजूला पिशवीवाली बाई असं ठरलेलं पाठ करूनच मुलं जायला लागली, म्हणजे आठवणीतून काढायचं चित्र आणि आठवण मात्र सरांची. पुढे इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीला 7 मार्क, बी ला 5, सी ला 3 असं आलं आणि गर्दी वाढली ती त्या मार्कांसाठी.

शिक्षकांचं काय झालं ते तर जास्तच वाईट. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांना अर्धवेळ निदेशक (म्हणजे शिकवणारे) धरलेत, तेही पट शंभरच्या वर असेल तर. दिवसाचे दोन तास घेऊन दुसऱ्या शाळेत पळणारा माणूस कुठल्या मुलाचा हात वेगळा आहे हे कधी ओळखणार?

कॉलेजात उलटं झालं. तिथे जे फुललं ते सिलॅबसच्या बाहेर. आयएनटी आणि इप्टा या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धा, युनिव्हर्सिटीचा युथ फेस्टिव्हल, आणि या सगळ्या स्पर्धांमधून पहिल्या आलेल्या एकांकिकांची 25 जानेवारीच्या रात्री रंगणारी चतुरंग संस्थेची सवाई एकांकिका स्पर्धा. रुईया, रुपारेल, कीर्ती, डहाणूकरची पोरं पावसाळाभर लेक्चर संपल्यावर बेंच बाजूला सरकवून तालमी करतात, दिग्दर्शन करायला बऱ्याचदा पासआऊट झालेला सिनियरच येतो, लाईट, म्युझिक, नेपथ्य, कपडेपट सगळं पोरंच बघतात. मराठी नाटक-सिरीयलमधले कितीतरी चेहरे इथूनच आले. म्हणजे जे वर्कशॉप जेजेत होतं तेच इथे पोरांनी आपलं आपण उभं केलं. विद्यापीठाने कलिनाला नाट्यशास्त्राची अकादमी काढली ती 2003 मध्ये, खूप उशिरा.

आता 2020 चं धोरण म्हणतं अभ्यास आणि कला यांच्यात भिंत नको. 2023 ला जेजेला अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. शाळेतला चित्रकलेचा तास मात्र परीक्षा जवळ आली की अजूनही गणिताच्या बाईच मागून घेतात.