सर्वो मोटर आणि ड्राइव्ह यांची जुळणी

रोटरवर कायम चुंबक बसवलेली समकालिक मोटर, म्हणजे कारखान्यात जिला ‘पीएम मोटर’ म्हणतात ती, आणि तिच्याच घराण्यातली, वेग आणि जागा अचूक राखणारी एसी सर्वो मोटर सहसा थेट वीजपुरवठ्यावर चालवता येत नाही. तिला ड्राइव्ह, म्हणजे तिचा प्रवाह आणि वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक लागतो, आणि तोही तिला साजेसा. इंडक्शन मोटरच्या सवयीने लोक आधी किलोवॅट बघतात. इथे किलोवॅट शेवटी बघितला तरी चालेल.

रोटरवरचे चुंबक बंद करता येत नाहीत. त्यामुळे फिरणारी मोटर त्याच वेळी जनित्रही असते. मोटरच्या यू, व्ही, डब्ल्यू या तीन तारा एकमेकींना जोडून शाफ्ट हाताने फिरवला तर तो जड लागतो. तारा सोडल्या की हलका होतो. मोटरमध्ये तयार होणारा आणि वेगाबरोबर वाढणारा हा उलट विद्युतदाब ‘बॅक ईएमएफ’ म्हणून ओळखला जातो आणि मिनिटाला दर 1000 फेऱ्यांना किती व्होल्ट असा सांगतात. समजा तो 98 व्होल्ट आहे. 3000 फेऱ्यांना तो 294 व्होल्ट होतो. 230 व्होल्टच्या ड्राइव्हवर ही मोटर बिनभारानेही 2300 च्या आसपासच अडकेल. 415 व्होल्टवर आरामात पळेल. क्षेत्र क्षीण करून, म्हणजे ड्राइव्हच्या प्रवाहाने चुंबकांचा प्रभाव दाबून, तीच मोटर 6000 फेऱ्यांवर नेली आणि नेमका तेव्हा ड्राइव्ह ट्रिप झाला, तर 588 व्होल्टचा, म्हणजे सुमारे 830 व्होल्टचा शिखरदाब उलटा ड्राइव्हच्या डीसी बसवर (आतल्या डीसी भागावर) येतो. 400 व्होल्ट वर्गाच्या अनेक ड्राइव्हना तो सोसत नाही.

ड्राइव्हमध्ये आकडे भरताना दोन चुका नेहमीच्या. पहिली ध्रुवांची: आठ ध्रुव म्हणजे चार जोड्या, पण ‘जोड्या’ विचारल्यावर आठ भरले जातात. दुसरी अँपिअरची. माहितीपत्रकातला प्रवाह आरएमएस (उष्णतेच्या दृष्टीने परिणामी मूल्य) असतो की शिखरमूल्य, यात 1.41 पटीचा फरक आहे. तांब्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्याने शिखरमूल्य आरएमएस समजून भरले तर ती दुप्पट होते. तापलेल्या नीओडिमियम चुंबकांना अशात मोठ्या प्रवाहाचा झटका बसला, तर त्यांची शक्ती कायमची उतरू शकते.

खरी डोकेदुखी फीडबॅकची, म्हणजे रोटरची जागा ड्राइव्हला कळवण्याची. रोटर नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय सर्वो ड्राइव्हला प्रवाह योग्य कोनात सोडता येत नाही. एनकोडर, रिझॉल्व्हर, हॉल सेन्सर या जागा मोजणाऱ्या साधनांपैकी मोटरवर जे आहे ते ड्राइव्हला वाचता आले पाहिजे. एनडॅट आणि हायपरफेस या एनकोडरच्या संवादपद्धतींच्या भाषा वेगळ्या, त्यामुळे प्लग जुळला म्हणून संवाद जुळेलच असे नाही. शिवाय शून्याचा कोन, म्हणजे रोटरच्या चुंबकांच्या तुलनेत एनकोडरचे शून्य कुठे बसते ते, महत्त्वाचा. बेअरिंग बदलताना एनकोडर खूण न करता काढला आणि परत बसवताना जरा सरकला, की काम बिघडते. विद्युत अंश म्हणजे शाफ्टचे अंश गुणिले ध्रुवांच्या जोड्या; चार जोड्यांच्या मोटरला 15 अंशांचा सरकाव म्हणजे 60 विद्युत अंश, म्हणजे तेवढ्याच प्रवाहात निम्मा टॉर्क. 22.5 अंश सरकला तर टॉर्क शून्य, आणि त्यापुढे मोटर उलट्या दिशेला सुसाट सुटू शकते. भोसरी-चाकणच्या दुरुस्तीवाल्यांना जुन्या सीएनसी यंत्रावर नवा ड्राइव्ह बसवताना किलोवॅटपेक्षा या कोनाची काळजी जास्त असते.

भाराचे जडत्व, ब्रेकिंग रेझिस्टर, 24 व्होल्टचा होल्डिंग ब्रेक (थांबलेला शाफ्ट धरून ठेवणारा) आणि केबलची लांबी याही गोष्टी तपासायच्या असतात, पण त्या इतर मोटरांसारख्याच.

पाटी पुसली गेली असेल तर बरेचसे मोटरलाच विचारता येते. दोन तारांतून बेताचा डीसी प्रवाह सोडून शाफ्ट हाताने एक फेरी फिरवावा. तो जितक्या ठिकाणी आपणहून थबकतो, तितक्या ध्रुवांच्या जोड्या. मग तारा मोकळ्या ठेवून मोटर लेथवर मिनिटाला 1000 फेऱ्यांनी फिरवावी आणि कोणत्याही दोन तारांवर मल्टिमीटर एसीवर लावावा. दिसतो तो आकडा म्हणजेच तिचा बॅक ईएमएफ स्थिरांक.