मका बरा की केळी? इंजिन बंद पडलेलं विमान शेतात कसं उतरतं

मागच्या पावसाळ्यात मामा कपाशीला खत टाकत होते आणि डोक्यावरून चाललेल्या शिकाऊ विमानाचा आवाज एकदम बसला. शिरपूर, धुळ्याचं गोंदूर, जळगाव, आमच्याकडे ही छोटी विमानं एवढी उडतात की त्यांच्या घरघरीकडे कुणाचं लक्षही नसतं, पण आवाज थांबला की सगळ्यांच्या माना वर होतात. विमान हळूहळू शेजारच्या मक्याच्या दिशेने खाली आलं, आणि मग परत इंजिन गरजलं आणि वर निघून गेलं. संध्याकाळी मामांनी मला विचारलं, "पन खरंज बंद पडनं ते काय व्हई रे? दगडना मायक पडी जाई का?" (म्हणजे खरंच बंद पडलं तर दगडासारखं पडेल का?)

नाही पडत मामा, आणि ही गोष्ट मला सगळ्यांना सांगावीशी वाटते कारण बहुतेक लोकांना वाटतं की इंजिनच विमानाला वर धरून ठेवतं. वर धरतात ते पंख, आणि पंखांना फक्त पुढे जाणारा वेग पाहिजे असतो. लळिंगच्या घाटात उतारावर मोटरसायकल बंद केली तरी ती पळतच राहते ना, तसंच, पायलट नाक थोडं खाली करतो आणि हवेतच आपला उतार तयार करतो. सेसना १७२ हे शिकवायचं नेहमीचं विमान, ते इंजिन बंद असताना १ फूट खाली येतं तेव्हा साधारण ९ फूट पुढे जातं. म्हणजे जमिनीपासून ३,००० फुटांवर इंजिन गेलं तर वारा नसताना ८ किमीपर्यंत तरंगत जाता येतं आणि हातात साधारण चार मिनिटं असतात. ८ किमीचं वर्तुळ काढून बघा, जवळपास ५० हजार एकर जमीन होते! अर्थात वळायला उंची खर्च होते, समोरून वारा असला की अंतर घटतं, त्यामुळे शहाणा पायलट जवळचंच शेत धरतो.

यातली खरी मेख वेगाची आहे. ताशी १२० किमीच्या आसपास त्या विमानाचा सगळ्यात लांब तरंगायचा वेग असतो. शेत अजून लांब आहे, पोचणार नाही असं दिसलं की हात आपोआप नाक वर ओढतो, आणि तिथेच घात होतो, कारण नाक वर केलं की वेग मरतो, अंतर वाढायच्या ऐवजी घटतं, आणि जास्तच ओढलं तर पंखावरची हवा सुटते. याला स्टॉल म्हणतात आणि जमिनीजवळ स्टॉल झाला तर सावरायला उंचीच नसते. इंजिन बंद पडल्याने जीव जातो त्यापेक्षा त्यानंतर घाबरून वेग घालवल्याने जातो, असं माझं ठाम मत आहे.

टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर धावपट्टीकडे मागे वळायचं नाही, हेही त्यासाठीच शिकवतात. ३०० फुटांवर असाल तर हातात २५ सेकंद, आणि सावकाश अर्धं वळण घ्यायलाच एक मिनिट लागतं. जोरात तिरपं होऊन वळलं तर ज्या वेगाखाली स्टॉल होतो तो वेगच वाढतो, ४५ अंश तिरप्यात जवळपास १९ टक्क्यांनी. म्हणून समोर जे काही आहे त्यात, थोडं डावं-उजवं करून, उतरायचं. आमच्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंशांत हवा इतकी विरळ होते की धुळ्याच्या धावपट्टीवरचं विमान चार हजार फुटांच्या वर असल्यासारखं वागतं, इंजिनाची ताकद कमी, चढणं हळू, म्हणजे उंची मिळायच्या आधीचा तो नाजूक वेळ अजून लांबतो.

आता शेत कुठलं? वरून बघताना खान्देश सपाट दिसतो पण फसवा आहे. रावेर-यावलची केळी वरून हिरवीगार गादी वाटते, पण झाडं माणसापेक्षा उंच आणि त्यांना बांबूचे टेकू, त्यामुळे दुसरा पर्याय असेल तर नकोच. तापीकाठी जमीन नाल्यांनी फाटलेली. कठडा नसलेल्या विहिरी पिकात लपतात, साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत, आणि सगळ्यात वाईट विजेच्या तारा, त्या दिसतच नाहीत, त्यामुळे खांब दिसले की मधे तार आहे असंच धरायचं. नांगरलेल्या ओल्या काळ्या जमिनीत चाक रुतून विमान उलटू शकतं. त्यापेक्षा दाट उभा मका चांगला, हे ऐकून मामांना आश्चर्य वाटलं, पण दाट पीक विमानाला जाळ्यासारखं धरून थांबवतं. सरीला आडवं नाही, सरीच्या लांबीने उतरायचं आणि वाऱ्याकडे तोंड करून.

वाऱ्याचा हिशोब तर करून बघण्यासारखाच आहे. विमान हवेत ताशी ९० किमीने टेकतंय आणि वारा २० चा आहे, तर वाऱ्याकडे तोंड असताना जमिनीवरचा वेग ७०, पाठीवर घेतला तर ११०. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ अडीचपट फरक. आणि थांबायला लागणारी जागा ऐका, ताशी ८० वरून एकसारखं कमी होत थांबायला ३ मीटरपेक्षा कमी मिळाले तरी, पट्टा नीट बांधला असेल तर, माणूस वाचू शकतो, १६० असेल तर ११ मीटर लागतात. म्हणून विमानाचे पंख तुटले, चाकं गेली तरी चालेल पण बसायची जागा शाबूत राहिली पाहिजे. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला शिकाऊ विमान शेतात कोसळलं, आतली एकटी मुलगी किरकोळ जखमी होऊन वाचली.

इंजिन बंद का पडतं? पुष्कळदा कारण साधं असतं, पेट्रोल संपलं, टाकीचा कॉक चुकीच्या बाजूला, किंवा टाकीत पाणी. पाणी जड म्हणून तळाला बसतं, ते उडायच्या आधी पारदर्शक कपात काढून बघतात. कार्बुरेटरवाल्या (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) विमानांत तर २५ अंशांच्या दमट हवेतही आत बर्फ धरतो, कारण तिथे हवा पसरते, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान २०-३० अंशांनी उतरतं. म्हणून वेळ असेल तर पायलट आधी वेग धरतो, शेत ठरवतो, मग कॉक, पंप, कार्बुरेटरची गरम हवा, मॅग्नेटो (इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र) तपासून बघतो, आणि मग रेडिओवर 'मेडे' ही संकटाची हाक. उतरायच्या आधी पेट्रोल बंद, वीज बंद, दार थोडं उघडं, नाहीतर धडकेत चौकट वाकून दार अडकतं.

मामांनी बघितलं तो बहुतेक सराव होता. शिकवणारा अचानक इंजिन मंद करतो आणि विचारतो, कुठलं शेत? ठरलेल्या उंचीपर्यंत खाली येऊन परत वर.

पण खरंच तुमच्या शेतात असं विमान उतरलं तर ११२ ला फोन करा, बिडी-काडी लांब ठेवा, आणि मदतीला मागच्या बाजूने जा. पुढच्या पंख्याला हात लावू नका. त्या इंजिनाचा स्पार्क बॅटरीवर नसतो, मॅग्नेटोवर असतो, त्यामुळे सगळं बंद दिसत असताना नुसता पंखा हाताने फिरला तरी इंजिन एक ठोका घेऊ शकतं, आणि तेवढ्यात हात जातो.