बेंचची उंची आणि शॉवेलची पोच: खुल्या खाणीतल्या नियमांची पार्श्वभूमी

पाळी बदलली की शॉवेलचा, म्हणजे बकेटने खोदून भरणाऱ्या मोठ्या यंत्राचा, ऑपरेटर केबिनमध्ये चढण्याआधी यंत्राभोवती एक चक्कर मारतो. चेनच्या पिना, बकेटचे दात, सिलिंडरवरून ओघळलेलं तेल, घासून पातळ झालेला होस, स्विंग गिअरखाली पडलेले थेंब, हॉर्न, आग विझवण्याचा सिलिंडर. हे सगळं पाहून लॉगबुकात नोंद होते आणि मागच्या पाळीच्या ऑपरेटरने काही लिहून ठेवलं असेल तर ते वाचलं जातं. चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यातल्या कोणत्याही खुल्या खाणीत हे रोजचं काम आहे. यादीत आणखी एक ओळ असते आणि तिचा यंत्राशी थेट संबंध नाही. वरची कडा पाहिली का, यंत्र उभं आहे ती बेंच, म्हणजे खाणीच्या बाजूत पाडलेली पायरी, पाहिली का, एवढंच ती विचारते. माझ्या मते सगळ्या यादीत हीच ओळ सर्वांत वर हवी. एका फटक्यात पाच, दहा, वीस माणसं गेली अशा खुल्या खाणींतल्या मोठ्या अपघातांकडे पाहिलं तर बहुतेक वेळा यंत्र धडधाकट होतं, ढासळली ती जमीन.

ही ओळ नियमात कशी आली हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

विल्यम ओटिस या तरुण अमेरिकन कंत्राटदाराला वाफेवर चालणाऱ्या शॉवेलचं पेटंट १८३९ साली मिळालं. त्याच वर्षी तो वारला. त्याचं यंत्र रेल्वेच्या कामासाठी होतं. ते रुळांवर उभं राहायचं आणि त्याची भुजा अर्धवर्तुळात फिरायची. मागच्या बाजूला उभा असलेला माणूस त्यामुळे बऱ्यापैकी सुरक्षित असे. १८८४ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या व्हिटेकर कंपनीने पूर्ण गोल फिरणारं यंत्र आणलं. कामाचा वेग वाढला, पण त्याबरोबर एक नवा धोकाही आला. भुजा पुढे फिरते तेव्हा काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळणारं मागचं वजन, मागे फिरतं, आणि त्या बाजूला ऑपरेटरची नजर पोचत नाही. काउंटरवेट आणि बेंचची भिंत यांच्यामध्ये माणसाला उभं राहायला जागा मिळावी इतकं अंतर ठेवून यंत्र लावायचं, स्विंगच्या घेरात कोणी पाऊल टाकायचं नाही, आणि जवळ जायचंच असेल तर आधी ऑपरेटरशी नजरानजर करून बकेट जमिनीवर टेकवून घ्यायची, या सगळ्या सवयी त्या पूर्ण फिरणाऱ्या यंत्राबरोबर आल्या.

पनामा कालव्याच्या खोदकामात वाफेवर चालणारी शॉवेल्स मोठ्या संख्येने उतरली. तिथेच दोन गोष्टी ठळक झाल्या आणि त्या आजही खाणीत तशाच आहेत. पहिली म्हणजे सुरुंगाची न उडालेली दारू. ब्लास्टिंगमध्ये एखादं छिद्र उडायचं राहतं, बकेटचे दात त्यावर पडतात आणि स्फोट होतो. ब्लास्टिंगनंतर जबाबदार माणसाने फेस, म्हणजे खोदायची समोरची भिंत, तपासल्याशिवाय शॉवेल पुढे न्यायचं नाही हा दंडक त्यामुळे आहे. दुसरी गोष्ट घसरणाऱ्या कडा. कुलेब्राच्या खोऱ्यात, विशेषतः कुकाराचा इथे, डोंगर पुन्हा पुन्हा खाली येत राहिला आणि रूळ, शॉवेल्स त्याखाली गाडली गेली. खोदणाऱ्याने पायथा काढला की वरचा भार आपल्या वेळेने खाली येतो, हे तिथे वर्षानुवर्षं दिसत होतं.

भारतातल्या कायद्याची सुरुवात मात्र वेगळ्या बाजूने झाली. १८९७ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत ५२ माणसं मेली. त्यानंतर थोड्याच काळात बलुचिस्तानातल्या खोस्त कोळसा खाणीत ४७ जणांचा जीव गेला. त्यातून १९०१ चा खाण कायदा आला आणि १९०२ मध्ये कलकत्त्यात खाण निरीक्षणाचं कार्यालय सुरू झालं. ते १९०८ मध्ये धनबादला गेलं. आजचं खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे खाणीत सगळे ज्याला डीजीएमएस म्हणतात ते, हेच. त्या काळची चिंता भूमिगत खाणीची होती: छत कोसळणं, वायू, पाणी, आग, पिंजऱ्याचा दोर. १९५२ चा नवा खाण कायदा आणि त्याखालची १९५७ ची कोळसा खाण विनियमावली या दोन्हींवर त्याच चिंतेची छाप होती, आणि ते साहजिकही होतं. कारण देशातला बहुतेक कोळसा तेव्हा जमिनीखालून यायचा.

१९५७ च्या विनियमावलीत खुल्या खाणींसाठी ९८ वा विनियम होता. माती, मुरूम, गाळ अशा भुसभुशीत जमिनीत बाजू ४५ अंशांपेक्षा जास्त उभी ठेवायची नाही, किंवा मग पायऱ्या पाडायच्या आणि एका पायरीची उंची १.५ मीटरपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. कोळशात ही मर्यादा ३ मीटर होती. पायरीची रुंदी तिच्या उंचीपेक्षा कमी नसावी असंही त्यात होतं. खालून पोखरून वर लटकता भाग तयार करायला साफ मनाई होती. हे आकडे पाहिले की डोळ्यांसमोर कुदळ, घमेलं आणि डोक्यावर टोपली घेतलेली माणसं येतात. दीड मीटरची कडा ढासळली तर माणूस बाजूला उडी मारू शकतो. त्या माणसासाठी हे आकडे अगदी योग्य होते.

यंत्रं मात्र त्याच काळात येऊ लागली होती. रांचीला १९५८ मध्ये हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन उभं राहिलं आणि पुढे सोव्हिएत आराखड्यावरची ४.६ घनमीटर बकेटची विजेवर चालणारी रोप शॉवेल्स तिथे बनू लागली. १९६४ मध्ये खोदकामाची यंत्रं बनवणारी बीईएमएल ही सरकारी कंपनी आली. १९७३ मध्ये बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १९७५ मध्ये कोल इंडिया. नागपूरला मुख्यालय असलेली वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स, ही तिचीच कंपनी. वर्धा खोऱ्यातल्या जुन्या भूमिगत खाणींच्या शेजारी एकेक करून खुल्या खाणी उघडत गेल्या. आज कोल इंडियाच्या उत्पादनातला ९५ टक्क्यांहून अधिक कोळसा खुल्या खाणींतून येतो.

४.६ घनमीटरच्या त्या शॉवेलची खोदण्याची उंची सुमारे १० मीटर. ती ३ मीटरच्या बेंचवर लावली तर कामच होत नाही. मग वाट काढली ती परवानगीची. खाणीने डीजीएमएसकडे अर्ज करायचा, डीजीएमएसने अटी घालून सूट द्यायची. बेंच किती उंच, किती रुंद, डंपर कुठून फिरणार, रात्री उजेड किती, कड्याजवळ बांध किती उंच, हे सगळं त्या पत्रात असायचं. पन्नासेक वर्षं आपल्या यांत्रिक खाणी मुख्यतः या परवानगी पत्रांवर चालल्या. पत्रांतल्या अटी बहुधा चांगल्याच असत, कारण त्या त्या खाणीची जमीन पाहून घातलेल्या असत. पण पत्र मॅनेजरच्या फायलीत राहतं. बेंचवर उभ्या असलेल्या ऑपरेटरला आपल्या यंत्राची पोच किती आणि समोरची भिंत किती उंच, याची सांगड घालायला कुणी शिकवलं नाही तर ते पत्र त्याच्या उपयोगाचं नाही.

२०१७ च्या कोळसा खाण विनियमावलीने ही सांगड थेट नियमातच घातली. यंत्राने खोदायचं असेल तर बेंचची उंची त्या यंत्राच्या खोदण्याच्या उंचीपेक्षा किंवा पोचीपेक्षा जास्त असता कामा नये. बेंचची रुंदी तिथे फिरणाऱ्या सर्वांत रुंद यंत्रापेक्षा २ मीटरने जास्त, डंपर फिरत असतील तर डंपरच्या रुंदीच्या तिप्पट, किंवा बेंचच्या उंचीइतकी, यातलं जे जास्त असेल ते. वाचताना हे आकडेमोडीसारखं वाटतं, पण त्यामागचं दृश्य साधं आहे. समजा शॉवेल १० मीटरपर्यंत पोचतं आणि भिंत १४ मीटरची आहे. ऑपरेटर खालून भरत जातो. वरच्या ४ मीटरला बकेट लागतच नाही. पायथा आत जातो, माथा तिथेच राहतो आणि काही वेळाने बकेटच्या वर एक छज्जा तयार होतो. दगड मजबूत असेल तर तो काही दिवस टिकतो, आणि टिकला की सगळ्यांना त्याची सवय होते. केबिनवर दगड पडण्यापासून संरक्षणाची जाळी असते, ती एखाददुसऱ्या दगडासाठी असते. अख्ख्या कड्यापुढे तिचं काही चालत नाही.

आपल्याकडच्या जमिनीची त्यात आणखी एक गोष्ट आहे. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या वर वालुकाश्म, त्यावर पिवळी माती आणि सगळ्यात वर काळी कापसाची जमीन. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते, पहिल्या पावसात पाणी पिऊन फुगते आणि मग तिला स्वतःचा भार पेलत नाही. २४ जून २००० रोजी वेकोलिच्या कावडी खुल्या खाणीत कडा कोसळून दहा जण गेले. ४ जून २००९ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीत मातीचा ढिगारा घसरून पुन्हा जीव गेले. दोन्ही तारखा जूनच्या आहेत. गोव्यात ९ डिसेंबर २००६ ला एका लोहखनिज खाणीची बाजू ढासळून सहा जण मेले, तेव्हा पाऊस कधीच ओसरला होता. त्यामुळे पावसाळ्यापुरती काळजी घेऊन भागत नाही.

आणि मग लालमटिया. झारखंडच्या गोड्डा जिल्ह्यातली राजमहल खुली खाण, २९ डिसेंबर २०१६ ची संध्याकाळ. ३०० मीटर लांब आणि ११० मीटर रुंद एवढा भाग सुमारे ३५ मीटर खाली बसला, असं कंपनीने नंतर सांगितलं. एक्स्कॅव्हेटर आणि टिपर माणसांसकट गाडले गेले. २३ जण मेले. ते कंत्राटदाराकडे कामाला होते. त्या संध्याकाळी प्रत्येक यंत्राची यादी तपासून सगळीकडे बरोबरची खूण झाली असती, तरीही त्या यंत्रांमध्ये बसलेली माणसं वाचली नसती.

यंत्राची तपासणी दुय्यम आहे असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमागने पूर्ण हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर आणला आणि दोर, ड्रम, क्लच यांची जागा दाबाखालच्या तेलाने घेतली. होस फुटून ते तेल तापलेल्या टर्बोवर उडालं की केबिनच्या मागे आग भडकते, आणि ऑपरेटरला उतरायला फार थोडा वेळ मिळतो. म्हणून मोठ्या यंत्रांवर आपोआप आग ओळखून विझवणारी व्यवस्था आली. विजेच्या शॉवेलमागे ६.६ किलोव्होल्टची केबल जमिनीवर पसरलेली असते आणि ती डंपरच्या चाकाखाली जाऊ नये यासाठी वेगळा माणूस लागतो. चढता-उतरताना दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात कायम टेकलेला ठेवायचा, हा नियम अगदी किरकोळ वाटतो, पण पावसात चिखलाचे बूट घालून शिडी चढलेल्या कोणालाही त्याचं मोल कळतं.

पण जमीन पाहायची म्हणजे नेमकं काय पाहायचं? बेंचच्या माथ्यावर, कडेपासून काही मीटर आत, कडेला समांतर जाणारी भेग. ती जुनी की नवी हे तिच्या काठावरून कळतं. जुन्या भेगेचे काठ गोलसर झालेले असतात, त्यात धूळ आणि गवत असतं. नव्या भेगेचे काठ धारदार आणि आतली माती ओलसर. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकायची, टेपने अंतर मोजून वेळेसह वहीत लिहायचं आणि पुढच्या पाळीत पुन्हा मोजायचं. पायथ्याशी माती फुगून पुढे आली आहे का, कोरड्या भिंतीतून अचानक पाणी झिरपू लागलं आहे का, बारीक खडे सुटून पडत आहेत का, हेही पाहायचं. आकडा प्रत्येक पाळीत वाढत असेल, आणि विशेषतः वाढण्याचा वेग वाढत असेल, तर शॉवेल मागे घ्यायचं आणि माणसं बाहेर काढायची.

हेच काम मोठ्या खाणींत आता रडार करतं. अमेरिकेतल्या युटा राज्यातली बिंगहॅम कॅन्यन ही तांब्याची प्रचंड खाण. तिथली बाजू सरकते आहे हे रडार आणि इतर मोजमापांवरून आधीच दिसत होतं. १० एप्रिल २०१३ ला ती कोसळण्याआधी माणसं बाहेर काढली होती. खाणकामाच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या घसरणींपैकी ती एक होती. शॉवेल्स आणि डंपर गाडले गेले, पण एकाही माणसाला इजा झाली नाही. काम थांबवायचं हे ठरवणारा माणूस तिथे होता आणि त्याचं ऐकलं गेलं.

आपल्याकडे सर्वांत कच्चा दुवा इथेच आहे असं मला वाटतं. वरची माती काढण्याचं काम आता मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांकडे आहे आणि त्याचा मोबदला घनमीटरवर मिळतो. पाचशे किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खाणीत कामगार निरीक्षक नेमण्याची तरतूद १९५५ च्या खाण नियमांत आहे, आणि सुरक्षा समितीचीही आहे. २०१७ च्या विनियमावलीने प्रत्येक खाणीला सुरक्षा व्यवस्थापन आराखडाही करायला लावला. १९५२ चा खाण कायदा ज्यात विलीन झाला ती व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कागदावर कंत्राटी ऑपरेटरही या सगळ्यात येतो. प्रत्यक्षात तो काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या राज्यातून आलेला असतो. ही काळी माती पावसात कशी वागते हे त्याला माहीत नसतं, आणि शॉवेल मागे घेतलं तर त्या पाळीच्या फेऱ्या बुडणार हे मात्र पक्कं माहीत असतं. भेग मोजून वहीत लिहिणारा ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा माणूस, कंपनीचा आणि यंत्र कंत्राटदाराचं असेल, तर वहीतला तो आकडा केबिनमध्ये बसलेल्या माणसापर्यंत त्याच पाळीत, त्याला कळेल अशा भाषेत पोचतो का, हे तपासायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. वेकोलिच्या आणि गोव्याच्या खाणींत सुरक्षा समितीची पुढची बैठक होईल तेव्हा हा एकच मुद्दा आधी घ्यावा.