टेन, मार्क्स, फ्रॉइड आणि आपली कोकणपट्टी: समीक्षेच्या तीन वाटांची पार्श्वभूमी

एम.ए. मराठीला समीक्षेचा पेपर असतो. त्यात ऐतिहासिक, मार्क्सवादी, मानसशास्त्रीय अशा पद्धती एकामागून एक येतात आणि गाइडमध्ये प्रत्येकीच्या वाट्याला दोन-तीन पानं. टेन म्हटलं की वंश, परिसर, काळ. मार्क्स म्हटलं की पाया आणि इमला, म्हणजे खाली अर्थव्यवस्था आणि तिच्यावर उभे कायदा, धर्म, साहित्य. फ्रॉइड म्हटलं की इडिपस गंड, म्हणजे मुलाची आईकडे ओढ आणि बापाशी वैर. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कितीतरी मुलं हे पाठ करून पास होतात आणि त्यांची समजूत अशीच राहते की हे सगळं तिकडे युरोपात ठरलं, आपला त्याच्याशी काय संबंध. मला हे फार लागतं, कारण संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे. या तिन्ही वाटांवर चाललेली माणसं आपल्या किनाऱ्यावरून निघालेली आहेत, आणि या तिन्ही वाटांनी वाचावीत अशी पुस्तकंही इथल्याच मातीतली आहेत.

ऐतिहासिक पद्धतीपासून सुरू करू. इपोलित टेन या फ्रेंच माणसाने १८६३-६४ च्या सुमारास इंग्रजी साहित्याचा इतिहास लिहिला आणि त्यात म्हटलं की लेखक आभाळातून पडत नाही, त्याचा वंश, भोवतालचा परिसर आणि त्याचा काळ या तिघांतून तो घडतो. यातलं वंशाचं प्रकरण आज कोणी मानत नाही आणि मानूही नये, पण बाकीचं टिकलं. आता आपल्याकडे त्याच सुमारास काय चाललं होतं बघा. मालवणला १८३७ साली जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८७२ साली पतंजलीचा काळ ठरवायला बसले. हातात काय, तर व्याकरणाचा ग्रंथ! त्यात राजाची तारीख कशाला असेल. पण पतंजलीच्या या महाभाष्यात वर्तमानकाळाचं उदाहरण म्हणून एक वाक्य दिलंय, "इह पुष्यमित्रं याजयामः", म्हणजे इथे आम्ही पुष्यमित्र राजाकडून यज्ञ करवतोय. भांडारकरांनी नेमकं हेच पकडलं की यज्ञ अजून चालू आहे, संपलेला नाही, अशा अर्थाच्या जागी हे उदाहरण आलंय, म्हणजे लिहिणारा पुष्यमित्राच्याच काळातला, इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक. एका क्रियापदाच्या काळावरून ग्रंथाचा काळ! ऐतिहासिक समीक्षा कशाला म्हणतात हे मुलांना सांगायचं तर टेनच्या आधी मी हे वाक्य फळ्यावर लिहीन.

त्याच रांगेत चिपळूणजवळच्या परशुरामचे पांडुरंग वामन काणे. त्यांना १९६३ साली भारतरत्न मिळालं ते धर्मशास्त्राच्या इतिहासासाठी असं सगळे सांगतात, पण संस्कृत काव्यशास्त्राचा इतिहासही त्यांनी लिहिलाय, सुरुवातीला साहित्यदर्पण या जुन्या संस्कृत ग्रंथाच्या आवृत्तीची प्रस्तावना म्हणून, आणि मग ती वाढत वाढत स्वतंत्र ग्रंथ झाली. कोण कोणाच्या आधी, कोणी कोणाचं मत खोडलं, हे एकेक करून लावत जायचं. कंटाळवाणं वाटेल, पण हे झाल्याशिवाय पुढचं काहीच उभं राहत नाही. पुण्यात भांडारकरांच्या नावाने १९१७ साली संस्था निघाली आणि तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे निरनिराळी हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ, तयार झाली, तीही याच शिस्तीतून.

राजकीय वाचनाची गोष्ट मोठी आहे, आणि मला विचाराल तर मराठीत ती मार्क्सपासून सुरूच होत नाही. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांची सभा भरायची होती, त्याचं बोलावणं जोतीराव फुल्यांना गेलं आणि त्यांनी पत्र पाठवून नकार दिला, तो नकार 'ज्ञानोदय' या पत्रात छापूनही आला. त्यांचा मुद्दा साधा होता, की ज्या सभा आणि पुस्तकं शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचारच करत नाहीत त्यांच्याशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही. साहित्य कोण लिहितो, कोणासाठी, कोणाला वगळून, हा प्रश्न मराठीत इथे उभा राहिला. मार्क्सच्या पायाची आणि इमल्याची मांडणी १८५९ ची, पण फुले तिथून आले नव्हते, ते स्वतःच्या अनुभवातून आले होते.

मार्क्सवादी समीक्षेतला सगळ्यात कामाचा तुकडा मला मार्क्सचा सहकारी एंगल्स याच्या एका पत्रात दिसतो. १८८८ साली मार्गारेट हार्कनेस या लेखिकेला लिहिताना तो बाल्झाक या फ्रेंच कादंबरीकाराबद्दल बोलतो, की या माणसाची सगळी सहानुभूती राजेशाहीकडे आणि सरदारवर्गाकडे, तरी लिहिताना त्याने त्याच वर्गाची पडझड इतकी खरी दाखवली की त्याची स्वतःची मतं बाजूला राहिली. म्हणजे लेखकाचं मत एक आणि कादंबरी सांगते ते दुसरं, असं होऊ शकतं. मग लेनिनने १९०८ साली टॉलस्टॉयवर लिहिलं, हंगेरीच्या लुकाच या मार्क्सवादी समीक्षकाने ऐतिहासिक कादंबरीवर पुस्तक लिहिलं, १९३४ च्या सोव्हिएत लेखक परिषदेनंतर मात्र समाजवादी वास्तववादाचा, म्हणजे साहित्याने समाजवादाच्या बाजूनेच वास्तव दाखवावं असा, हुकूमच निघाल्यासारखं झालं आणि पुष्कळ चांगल्या विचारांचं त्यात नुकसान झालं.

आपल्याकडे त्याच काळात कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद पेटला होता. एका बाजूला ना. सी. फडके, दुसऱ्या बाजूला वि. स. खांडेकर, आणि खांडेकर तेव्हा कुठे होते, तर शिरोड्याला! १९२० साली ते तिथे शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. मधे १९३० साली त्याच शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हवं. मीठागरावर लोक लाठ्या खातायत आणि त्याच गावातला मास्तर कादंबऱ्या लिहितोय, तर त्याला कला नुसती कलेसाठी कशी वाटेल? खांडेकरांचं लिखाण मला कधीकधी फार गोड वाटतं हे खरं, पण त्यांची भूमिका हवेतली नव्हती. १९३५ साली लालजी पेंडशांचं 'साहित्य आणि समाजजीवन' आलं, ते मराठीतलं सरळ मार्क्सवादी मांडणी करणारं पुस्तक, आणि पुढच्याच वर्षी लखनौला प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली प्रगतिशील लेखक संघाची परिषद झाली.

गोव्यातल्या कोसबेनला जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी या यादीत कोणी धरत नाही. गणिती आणि इतिहासकार म्हणून नाव, पण १९५७ साली त्यांनी वि. वि. गोखल्यांबरोबर विद्याकराचा सुभाषितरत्नकोश हा संस्कृत श्लोकांचा संग्रह हार्वर्डच्या ग्रंथमालेत संपादित केला आणि प्रस्तावनेत संस्कृत काव्याचा वर्गीय पाया उघड मांडला, की हे दरबारी लोकांचं, दरबाराच्या आश्रयावर जगलेलं काव्य आहे. त्याच मालेचे संपादक डॅनियल इंगॉल्स यांना हे पटलं नाही आणि या कवितांचं इंग्रजी भाषांतर काढताना त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं. दोघांचं वाचून बघा, मला दोघांचंही थोडं थोडं पटतं.

मग मधे एक मोठा खंड पडला. बा. सी. मर्ढेकरांचं 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ ला आलं, लयतत्त्वाची, म्हणजे कलाकृतीच्या घटकांतल्या संवाद, विरोध आणि समतोलाची, चर्चा सुरू झाली, आणि पुढची काही वर्षं मराठीत गंभीर समीक्षा म्हटलं की सौंदर्यशास्त्र असं समीकरणच होऊन बसलं. कलाकृती स्वायत्त, तिच्याबाहेरचं काही आणू नका. त्यातून घट्ट, बारकाईचं वाचन आलं, त्याचा फायदा झालाच. पण १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, अण्णाभाऊ साठ्यांनी त्याचं उद्घाटन केलं, १९७२ ला दलित पँथर ही संघटना आली, १९८८ ला शरद पाटलांचं 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' आलं आणि फुल्यांनी विचारलेला प्रश्न पुन्हा समोर येऊन बसला, तो आता हटत नाही.

मानसशास्त्रीय वाटेचं थोडक्यात सांगते. फ्रॉइडच्या स्वप्नांवरच्या पुस्तकावर साल १९०० छापलंय, त्यातच इडिपस आणि हॅम्लेट दोघं येतात. मनोविश्लेषक अर्नेस्ट जोन्सने हॅम्लेटचा धागा १९१० च्या लेखात उचलला आणि १९४९ ला पूर्ण पुस्तक केलं. भारतात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ सालीच कलकत्त्याला मनोविश्लेषणाची संस्था काढली होती. मराठीत मात्र आधी कामविषयक बोलायचीच चोरी, आणि ती मोडायला र. धों. कर्वे पुढे आले, दापोलीकडच्या मुरूडच्या कर्वे घराण्यातले. १९२७ ते १९५३ त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले आणि १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. साहित्याच्या मानसशास्त्रीय वाचनाचा इतिहास लिहिताना कर्व्यांना वगळतात ते मला अजिबात मान्य नाही. ज्या समाजात या गोष्टींचा उच्चार होत नाही तिथे फ्रॉइड वापरणार कसा?

आणि फ्रॉइड जसाच्या तसा इथे बसतही नाही. ए. के. रामानुजन यांनी भारतीय इडिपसवर लिहिताना दाखवलं की आपल्या गोष्टींत बहुतेकदा मुलगा बापाला मारत नाही, बापच मुलाचं काढून घेतो. भीष्माने बापासाठी लग्न सोडलं, पुरूने ययातीला तारुण्य दिलं. आता गंमत बघा, जीवनासाठी कला म्हणणाऱ्या खांडेकरांनीच १९५९ साली 'ययाति' लिहिली, आणि त्याच कादंबरीवर १९७४ चं ज्ञानपीठ आलं. बापाच्या हावरेपणाची गोष्ट सामाजिक म्हणून वाचायची की मनाची म्हणून, तर दोन्ही वाचता येते.

आता मला मुळात जे म्हणायचं होतं तिथे येते. श्री. ना. पेंडसे मुर्डीचे, दापोली तालुक्यातले. चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याकडचे. पेंडसे म्हटलं की प्रादेशिक, सामाजिक आणि खानोलकर म्हटलं की गूढ, मनोविश्लेषणात्मक, असे शिक्के मारून आपण मोकळे झालोय. हे शिक्के एकदा उलटे मारून बघावेत.

पेंडशांची 'तुंबाडचे खोत' १९८७ ची, जगबुडी नदीच्या काठावरच्या एका खोत घराण्याच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, पिढ्यांची गोष्ट. खोती म्हणजे काय होतं हे आमच्या घरात सांगणारी माणसं होती, कारण आम्ही कुळं. मळणी झाली की खोताचा माणूस खळ्यावर येऊन बसायचा, तो आल्याशिवाय भाताला हात लावायचा नाही, मग माप सुरू. अर्धेल असेल तर निम्मं तिकडे, तिर्धेल असेल तर तिसरा हिस्सा, वर वेठ वेगळी. आजी सांगायची की माप भरताना तो वर हाताने भात दाबायचा, म्हणजे मापात जास्त मावेल. याविरुद्ध अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत संप चालवला, १९३७ ला आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करायचं बिल मांडलं, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत धडकला, आणि कायदा व्हायला १९४९ उजाडलं. हे माहीत असून तुंबाड वाचलं की एंगल्सचा बाल्झाक आठवतोच. पेंडशांचा जीव खोतांच्या घरात गुंतलेला आहे, पण त्या घराची वाळवी त्यांनी लपवली नाही. इतपर्यंत सामाजिक झालं. पण मला त्यात जास्त खोल वाटतं ते रक्ताचं, बापाने केलेलं पोरावर कसं उतरतं, पुढच्या पिढीला मागच्यांची भीतीही वाटते आणि ओढही सुटत नाही, ते. हे मनोविश्लेषकाने वाचायला हवं आणि पेंडशांचाच 'गारंबीचा बापू'ही तसाच, अण्णा खोतांशी त्याचं जे वैर आहे ते नुसतं गरीब-श्रीमंताचं नाही.

उलट खानोलकरांची 'कोंडुरा' १९६६ ची. ब्रह्मचर्याची अट, दैवी वर, गर्भ पाडणारी मुळी, फ्रॉइडला आयतंच. सगळे तेच वाचतात. पण तळकोकणात देवाला कौल लावताना, म्हणजे प्रश्न विचारून त्याचं उत्तर मागताना, बघितलाय का? मूर्तीला कळ्या नाहीतर तांदूळ लावतात, गाऱ्हाणं घालतात, उजवा पडतो की डावा हे सगळे श्वास रोखून बघतात, आणि कोण कुठे उभा राहणार, पहिला मान कोणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. देव बोलतो तेव्हा गावची सत्ताही बोलत असते. खानोलकरांच्या माणसांना जे भास होतात ते या व्यवस्थेतले आहेत. शेती पुरत नाही, पुरुष मुंबईला, घर मनीऑर्डरवर, मागे राहिलेल्यांच्या हाती देव, देवचार आणि एकमेकांवरचा संशय. खानोलकर स्वतः कुडाळला खाणावळ चालवून शेवटी मुंबईलाच गेले. हा इतिहास काढून घेतला तर उरते नुसती गूढता, आणि ती वाचून वाचून आपण त्यांना फार लहान केलंय असं मला मनापासून वाटतं.

बाहेर ही सरमिसळ कधीच झाली. अमेरिकन समीक्षक फ्रेडरिक जेमसनने १९८१ च्या पुस्तकात राजकारण, नेणीव आणि इतिहास एकत्रच धरले, सुरुवातच केली ती कायम इतिहासात ठेवून वाचा या हाकेने. आपल्या पेपरात मात्र तीन प्रश्न वेगवेगळे, प्रत्येकाला गुण वेगळे.

उर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ चं, रत्नागिरीजवळच्या फणसवळ्यातून आलेलं. वडील गेल्यावर आई बांबूची आयदानं विणून घर चालवते, मुलगी शिकते, लिहिते आणि आईच्या विणण्याशी आपल्या लिहिण्याचं नातं सांगते. आई-मुलीच्या मनातला तो धागा मानसशास्त्राने वाचा, जात आणि बाईपण राजकीय वाचनाने वाचा, पण त्याआधी १९८९ चं 'आम्हीही इतिहास घडवला' हातात घ्या. मीनाक्षी मून यांच्याबरोबर उर्मिलाताईंनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, भेटून, त्यांच्याशी बोलून ते पुस्तक केलं. स्वतःची गोष्ट सांगायच्या कितीतरी आधी त्या दुसऱ्या बायकांचा इतिहास गोळा करत होत्या, आणि 'आयदान'मधली बाई एवढी ठाम का बोलते ते ही दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचल्यावर कळतं.