प्रेसिडेंट कूलिज

प्रेसिडेंट कूलिज : दक्षिण पॅसिफिक महासागरात, व्हानुआतूतील एस्पिरितू सांतो बेटालगत २६ ऑक्टोबर १९४२ रोजी बुडालेले अमेरिकन प्रवासी जहाज. बुडालेल्या अनेक मोठ्या जहाजांपर्यंत फक्त यंत्रेच पोहोचू शकतात. कूलिजचे तसे नाही. लुगानव्हिल गावाजवळच्या किनाऱ्यावरून पाण्यात उतरून पोहत तिथे जाता येते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या न्यूपोर्ट न्यूज येथे हे जहाज बांधले गेले आणि १९३१ मध्ये पाण्यात उतरले. लांबी जवळपास २०० मीटर, आतील जागेवरून मोजलेला एकूण टनभार (ग्रॉस टनेज) सुमारे २२,०००. सॅन फ्रान्सिस्कोहून जपान, चीन व फिलिपीन्सकडे जाणाऱ्या श्रीमंत प्रवाशांसाठी त्यावर पोहण्याचे तलाव, व्यायामशाळा आणि सजवलेली दालने होती. १९४१ मध्ये ते सैन्य वाहून नेण्याच्या कामाला लागले.

सांतो हा तेव्हा ब्रिटन व फ्रान्स यांच्या संयुक्त अमलाखालच्या न्यू हेब्रिडीजचा भाग होता आणि सॉलोमन बेटांतील ग्वादलकनालच्या लढाईसाठी अमेरिकेने तिथे मोठा तळ उभारला होता. बंदराच्या तोंडाशी शत्रूसाठी पाणसुरुंग पेरलेले होते. पण कूलिजला मिळालेल्या मार्गसूचनेत त्यांचा उल्लेखच नव्हता. जपानी पाणबुड्यांच्या धास्तीने कप्तान हेन्री नेल्सन यांनी सर्वांत रुंद आणि उघड दिसणाऱ्या वाटेने जहाज आत घातले. पहिला सुरुंग इंजिनघराजवळ फुटला, दुसरा लगेचच मागच्या बाजूला. जहाज वाचत नाही हे ओळखून नेल्सन यांनी ते किनाऱ्याच्या उथळ भागात चढवले आणि सर्वांना उतरण्याचा हुकूम दिला. सामान नंतर नेता येईल, या समजुतीने सैनिकांनी ते जागच्या जागी सोडले. सुमारे दीड तासात जहाज कलंडले आणि उतारावरून घसरत खोल गेले. जहाजावर ५,३४० माणसे होती; मृत्यू दोघांचा झाला. पुढे लष्करी चौकशीत नेल्सन निर्दोष ठरले. ही त्यांना दाखवलेली दया नव्हती, योग्य तोच निर्णय होता. इतके लोक जिवंत राहिले, याला जहाज उथळ पाण्यात घालण्याचा त्यांचा झटपट निर्णय कारण होता.

मेलेल्यांपैकी रॉबर्ट रीड हे भट्टीवर काम करणारे खलाशी. पहिल्या स्फोटातच ते गेले. दुसरे कॅप्टन एलवूड युअर्ट. तोफखान्याचे हे अधिकारी सुखरूप उतरले होते. आजारी सैनिक आत अडकल्याचे कळताच ते परत जहाजात शिरले, त्यांना बाहेर काढले, पण स्वतः निघू शकले नाहीत. सत्तर वर्षांनी त्यांचे अवशेष जहाजाच्या आत सापडले आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे त्यांचे दफन झाले. कूलिजवर उतरणाऱ्याने हे नाव माहीत करूनच उतरावे.

आज जहाज डाव्या कुशीवर आडवे आहे. पुढचा भाग सुमारे २० मीटर, तर मागचे टोक सुमारे ७० मीटर खोल. त्यामुळे नवखा पाणबुड्या पुढचा भाग पाहू शकतो. मागच्या भागासाठी कसलेला अनुभव लागतो. तिथे पाण्याच्या दाबामुळे श्वासातल्या नायट्रोजनची गुंगी चढते आणि वर येताना ठरलेल्या खोलींवर थांबत यावे लागते. पुढच्या मालकोठारांत जीपगाड्या आणि ट्रक एकमेकांवर कोसळून पडलेले आहेत. आसपास हेल्मेट, बंदुका, वायूमुखवटे, बुटांचे तळवे विखुरले आहेत. जहाजाची सर्वांत प्रसिद्ध वस्तू मात्र युद्धाची नाही : धूम्रपान दालनाच्या शेकोटीवरचे चिनीमातीचे उठावचित्र, त्यात एक स्त्री आणि एकशिंगी घोडा. भूकंपाने ते निखळल्यावर गोताखोरांनी भोजनदालनात नेऊन बसवले. अंधाऱ्या दालनात विजेरीचा झोत पडताच त्याचे रंग उजळतात. रात्री जहाजाच्या पोटातून डोळ्यांखाली प्रकाश असलेल्या माशांचे थवे बाहेर पडतात.

१९७० च्या दशकात जहाजातील इंधनतेल आणि जहाज ढकलणाऱ्या पंख्यांसारखा (प्रोपेलर) किमती धातू काढून नेण्यात आला. त्याच कामासाठी आलेले ऑस्ट्रेलियन पाणबुडे ॲलन पॉवर सांतोतच राहिले आणि अनेक दशके त्यांनी लोकांना हे जहाज दाखवले. १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या व्हानुआतूच्या सरकारने १९८३ मध्ये तिथून वस्तू काढण्यास बंदी घातली. नव्या, गरीब देशाने भंगाराच्या पैशापेक्षा जहाज जागेवर ठेवणे पसंत केले, आणि त्यातूनच लुगानव्हिलच्या पाणबुडी-पर्यटनाला आधार मिळाला.

जवळच मिलियन डॉलर पॉइंट आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने बुलडोझर, जीपगाड्या, यंत्रसामग्री तिथे समुद्रात लोटून दिली. कूलिज अपघाताने बुडाले, ही सामग्री मात्र मुद्दाम बुडवली गेली. सांतोवरचे युद्ध कळायला दोन्ही ठिकाणे पाहावी लागतात.

उबदार खाऱ्या पाण्यात पोलाद गंजते आणि सांतो भूकंपप्रवण असल्याने कूलिजच्या भिंती व मजले टप्प्याटप्प्याने ढासळत आहेत. पूर्वी जिथून आत शिरता येई अशा काही वाटा आता धोक्याच्या झाल्या आहेत, म्हणून स्थानिक वाटाड्याशिवाय आत जाऊ नये.