दोन आठवड्यांचा खोकला

क्षयरोगाचा जंतू फार सावकाश वाढतो. आतड्यातले ई-कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी १५ ते २० तास लागतात. म्हणूनच हा आजार एका रात्रीत अंथरुणाला खिळवत नाही, तर हळूहळू अंगवळणी पडतो, आणि माझ्या मते त्याचा खरा धोका इथेच आहे.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर तो धुळीचा किंवा विडी-सिगारेटचा आहे असे घरच्या घरी ठरवून टाकू नये. त्याच्या जोडीला बहुधा संध्याकाळी अंगात कणकण येते, रात्री घामाने उशी भिजते, जेवणावरची वासना उडते आणि मनगटात घट्ट बसणाऱ्या बांगड्या सैल होऊन कोपराकडे सरकू लागतात. बेडक्यातून रक्त पडले की माणूस घाबरून दवाखाना गाठतो. पण अनेक रुग्णांना रक्त कधीच पडत नाही, त्यामुळे त्याची वाट पाहणे घातक आहे. औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या काही प्रतिजैविकांनी क्षयाचे जंतू तात्पुरते दबतात, रुग्णाला बरे वाटते आणि निदान आणखी लांबते.

तपासणीसाठी थुंकी नव्हे, छातीतून आलेला बेडका लागतो. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, मोकळ्या हवेत दोन-तीन दीर्घ श्वास घ्यावेत आणि खोलवर खोकून निघालेला घट्ट बेडका डबीत घ्यावा. गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावर जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडेल का, या दोन्ही गोष्टी काही तासांत कळतात. सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

क्षय फुप्फुसांपुरता मर्यादित नसतो. मानेतल्या न दुखणाऱ्या गाठी, ज्यांना जुने लोक गंडमाळा म्हणत, किंवा महिनोन्‌महिने न थांबणारी पाठदुखी हीसुद्धा त्याची खूण असू शकते. लहान मुलांत तर कधीकधी वजन न वाढणे एवढेच दिसते.

देशात २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या सर्वेक्षणात छातीचा एक्स-रे काढला नसता, तर ४० टक्क्यांहून अधिक रुग्ण निसटले असते, कारण त्यांना सांगण्यासारखे कोणतेही लक्षण नव्हते. त्यामुळे घरात एकाला क्षय निघाला, तर ठणठणीत दिसणाऱ्या इतरांनीही तपासून घ्यावे.